तक्रार मागे घेतली, म्हणून प्रकरण संपते का?

२३ नोव्हेंबर २०२० रोजी नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात वसईच्या एका तरुणीने लेखी अर्ज दिला. आपण ज्याच्याबरोबर राहतो तो सहा महिन्यांपासून आपल्याला मारहाण करतो आहे, त्याने श्वास कोंडून आपल्याला मारण्याचा प्रयत्न केला, ठार करून तुकडे करून फेकून देईन अशी धमकी तो देतो, असे तिने त्यात लिहिले होते. पोलिसांनी चौकशी केली. महिना उलटण्याच्या आत तिने ‘आता आमच्यात वाद राहिलेला नाही’ अशा आशयाचा जबाब दिला आणि अर्ज निकाली निघाला. पोलीस तपासानुसार १८ मे २०२२ रोजी दिल्लीत मेहरौलीला तिचा खून झाला. अर्जात लिहिलेली धमकी जवळजवळ शब्दशः खरी ठरली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये हे सगळे उघडकीस आल्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्या वेळी कारवाई का झाली नाही याची चौकशी करू असे सांगितले. चौकशी झालीच पाहिजे. पण कोणत्या अधिकाऱ्याने काय केले, एवढ्यावर ती थांबली तर मुळाशी पोहोचणार नाही. तो अर्ज हातात घेणाऱ्या पोलिसाला ‘श्वास कोंडला’ या शब्दांचा अर्थ कोणी, कधी शिकवला होता का? आणि बाई तक्रार मागे घेते तेव्हा काय करायचे असते, हे तरी कोणी सांगितले होते का?

घरातल्या मारहाणीचे सगळे प्रकार सारखे धोक्याचे नसतात आणि कोणता प्रकार जिवावर बेतू शकतो याची बऱ्यापैकी माहिती आता जगाकडे आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या परिचर्या-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात धोका जोखण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. पुढे अनेक शहरांतल्या खुनांच्या नोंदी आणि जिवंत राहिलेल्या स्त्रियांच्या मुलाखती ताडून पाहण्यात आल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, जोडीदाराने आधी कधी गळा दाबलेल्या स्त्रीचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता इतर छळ झालेल्या स्त्रियांपेक्षा सात पटींहून अधिक असते. ठार मारण्याची धमकी, घरात हाताशी असलेले हत्यार, वाढत चाललेली मारहाण, सतत पाळत ठेवणारा संशय, तिने नुकताच केलेला सोडून जाण्याचा प्रयत्न या खुणा त्याच रांगेतल्या. आपल्याकडची अडचण अशी की, गळा दाबल्यावर रक्त येत नाही, पुष्कळदा वळही उठत नाही. डोके फुटलेल्या बाईला पोलीस लगेच दवाखान्यात नेतात. घसा बसलेली, नीट बोलता न येणारी, डोळ्यांत रक्त उतरलेली बाई मात्र ‘किरकोळ मारहाण’ या सदरात जाते. ठाणे अंमलदार तिची अदखलपात्र नोंद, सगळे जिला ‘एनसी’ म्हणतात ती, करून देतो, एक प्रत तिच्या हातात पडते आणि नवऱ्याला समज देऊन सोडले जाते. वसईच्या त्या मुलीच्या एकाच अर्जात यांतल्या तीन खुणा होत्या: श्वास कोंडणे, ठार करण्याची धमकी आणि सहा महिने चाललेली मारहाण.

अशा बाईच्या आजूबाजूला काय असते हे सालवडमध्ये दिसते. तुळिंजपासून उत्तरेला, पालघर जिल्ह्याच्याच पोटात हे गाव आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आज पोलिसांच्या दोन व्यवस्था आहेत. वसई तालुका १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयात गेला, बाकीचे सात तालुके पालघरच्या पोलीस अधीक्षकांकडे राहिले. म्हणजे तो अर्ज आला तेव्हा तिथले आयुक्तालय जेमतेम दोन महिन्यांचे होते. सालवड बोईसरला खेटून, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या कडेला आहे. रसायने, कापड आणि पोलाद यांच्या कारखान्यांत काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगालपासून खानदेश-मराठवाड्यापर्यंतची माणसे इथे येतात. सालवड, पास्थळ, कुंभवली, कोलवडे, सरावली या गावांत त्यांच्यासाठी एका ओळीत खोल्या उठल्या आहेत. दुसरी पाळी सुटल्यावर उशिरा घरी येणारा पुरुष, भाड्याची एक खोली, त्यातच मुले, अधूनमधून बंद पडणारे काम, या सगळ्याने मारहाण क्षम्य होत नाही. पण त्या बाईच्या आजूबाजूला कोण आहे, हे त्यावरून कळते. माहेर हजार-दीड हजार किलोमीटरवर. सासूही नाही, दीरही नाही, आणि गावकीही नाही. शेजारीण रात्रपाळीच्या माणसाची बायको. तिची भाषा वेगळी असू शकते, आणि खोलीमालकाच्या मर्जीची भीती दोघींनाही. गावात राहिलेल्या बाईला निदान पोलीस पाटील माहीत असतो. या खोल्यांतल्या बाईसाठी ११२ हा क्रमांक हीच बहुधा पहिली आणि शेवटची दाद असते. फोन नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या नियंत्रण केंद्रात लागतो, तिथून बोईसरच्या गाडीला निरोप जातो आणि गाडी येते. गाडी किती मिनिटांत पोहोचली हे मोजले जाते. पोहोचलेल्या हवालदाराने पहिल्या दहा मिनिटांत काय विचारले हे मोजण्याची व्यवस्था नाही, आणि जीव वाचायचा असेल तर तो त्या दहा मिनिटांत वाचतो.

याच पट्ट्याचे आणखी एक वास्तव आहे. डहाणू, जव्हार, विक्रमगडच्या पाड्यांवर लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून विधी न करता वर्षानुवर्षे एकत्र राहणारी, मुलेबाळे झालेली आदिवासी जोडपी आहेत. पुढे सामूहिक विवाहात त्यांची लग्ने लागतात. यातली बाई मार खाऊन ठाण्यात आली की पहिला प्रश्न येतो, ‘लग्न झालंय का?’ नवऱ्याकडून होणाऱ्या छळाचा गुन्हा, जुन्या दंडसंहितेतले १९८३ चे कलम ४९८अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतली कलमे ८५ आणि ८६, विवाहितेलाच लागू होतो हे खरे. पण २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेला कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा विवाहासारख्या नात्यालाही लागू आहे. वसईच्या मुलीलाही तो लागू होता. त्या कायद्याच्या पाचव्या कलमाने पोलिसावर थेट कर्तव्य टाकले आहे. हिंसाचाराची खबर मिळताच त्याने त्या स्त्रीला सांगायचे आहे की तिला संरक्षणाचा, घरात राहण्याचा, पोटगीचा, मुलांच्या ताब्याचा आदेश मागता येतो, या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी कुठे भेटतो, मोफत वकील कसा मिळतो. एवढे सांगून दखलपात्र गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी टळत नाही, हेही त्याच कलमात लिहिले आहे. अकरावे कलम तर सरकारांना बजावते की पोलिसांना या विषयाचे प्रशिक्षण वेळोवेळी दिले पाहिजे. तेव्हा प्रशिक्षणाची मागणी म्हणजे कुणा संस्थेचा हट्ट नव्हे. संसदेने वीस वर्षांपूर्वी केलेला तो नियम आहे.

मग इतकी वर्षे प्रशिक्षण झालेच नाही का? व्याख्याने झाली, कार्यशाळा झाल्या. माझा आक्षेप आहे तो कोणत्या ध्येयासाठी शिकवले गेले यावर. आपल्या पोलिसाला घरगुती भांडणात एकच यश ठाऊक आहे: मिटवले. हे त्याने स्वतः शोधून काढलेले नाही. समाज त्याच्याकडून तेच मागतो आणि शासनानेही त्याचा गौरव केला. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने बांधाचे, वाटणीचे, किरकोळ हाणामारीचे असंख्य वाद कोर्टाबाहेर सोडवले, याचे श्रेय तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांना दिलेच पाहिजे. पण बांधाच्या भांडणात दोन्ही शेतकरी संध्याकाळी आपापल्या घरी जातात. नवरा-बायकोच्या प्रकरणात समेट झाला की मार खाणारीला मारणाऱ्याच्याच खोलीत परत जायचे असते. पहिल्या वादात जे शहाणपण ठरते ते दुसऱ्यात तिच्या जिवावर उठू शकते, हा फरक शिकवल्याशिवाय समजूतदार हवालदारालाही कळत नाही. उलट जितका समजूतदार तितका तो मिटवण्याच्या मागे लागतो.

हा धडा अमेरिकेने पन्नास वर्षांपूर्वी ठेचा खाऊन घेतला. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात मॉर्टन बार्ड या मानसशास्त्रज्ञाने अठरा पोलिसांचे एक पथक तयार केले. घरातल्या भांडणात शिरताना आवाज कसा ठेवायचा, दोघांना वेगळे बसवून कसे ऐकायचे, कुठे उभे राहायचे याचे महिनाभराचे शिक्षण त्यांना दिले आणि पुढची दोनेक वर्षे त्या ठाण्यातले कौटुंबिक कॉल त्यांच्याकडे सोपवले. अशा कॉलवर पोलीसही जखमी होतात. या पथकातल्या पोलिसांना त्या काळात इजा झाली नाही, हे सगळ्यांच्या नजरेत भरले आणि देशभर तशी प्रशिक्षणे सुरू झाली. मग स्त्री-संघटनांनी रास्त प्रश्न विचारला: पोलीस सुखरूप परतला, पण त्या बाईचे काय? गुन्ह्याला तुम्ही ‘कौटुंबिक ताण’ हे नाव दिले आणि आरोपीला चहा पाजून शांत केले. त्यानंतर मिनियापोलिसमध्ये १९८१-८२ चा प्रसिद्ध प्रयोग झाला. सल्ला, काही तास वेगळे पाठवणे आणि अटक यांत अटकेनंतर पुन्हा मारहाण होण्याचे प्रमाण सर्वांत कमी दिसले, म्हणून अनेक राज्यांनी अटक सक्तीची केली. पुढे इतर शहरांत तोच प्रयोग केला तेव्हा चित्र विस्कटले. मिलवॉकीत तर बेकार पुरुषांच्या बाबतीत अटकेनंतर मारहाण वाढल्याचे आढळले. या साऱ्यातून मला एकच निष्कर्ष पटतो. नुसते शांत करणे शिकवून भागत नाही आणि नुसती बेडी शिकवूनही भागत नाही. समोरचे प्रकरण कोणत्या जातीचे आहे हे ओळखणे शिकवावे लागते, आणि त्यानुसार पुढचा दरवाजा कोणता हे दाखवावे लागते. २००५ पासून अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात पोलीस घटनास्थळीच अकरा प्रश्न विचारतात आणि उत्तरांवरून धोका मोठा दिसला तर तिथूनच मदतवाहिनीला फोन लावून बाईच्या हातात देतात. ओक्लाहोमात ही पद्धत तपासली तेव्हा अशा स्त्रियांवरचे पुढचे हल्ले कमी तीव्र झाल्याचे आणि त्यांनी स्वतःच्या बचावासाठी अधिक पावले उचलल्याचे दिसले. प्रश्नावली म्हणजे भविष्यवाणी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये अशाच यादीवर टीका झाली, कारण पोलिसांनी भरलेल्या उत्तरांवरून पुढचा हल्ला नीट ओळखता येत नव्हता. यादी भरणाऱ्याने प्रश्न मनापासून विचारला नाही, नवऱ्याच्या देखत विचारला, तर खरे उत्तर येणार कुठून? म्हणून कागद छापून वाटणे सोपे असले तरी माणसे तयार करणेच अटळ आहे.

हे सगळे परदेशातले म्हणून बाजूला सारायचेही कारण नाही. या क्षेत्रातली भारतातली एक महत्त्वाची वाट मुंबईतच पडली. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला: पोलिसांच्या आवारात बसणारे, पण पोलीस नसलेले प्रशिक्षित समाजकार्यकर्ते. पुढे शासनाने तो राज्यभर नेला. २०१७ च्या आरंभी नागपूरला पोलीस आयुक्त के. वेंकटेशम यांच्या काळात एकाच छताखाली समुपदेशन, वकील, वैद्यकीय मदत देणारा भरोसा सेल उभा राहिला आणि नंतर इतरत्र गेला. दोन्ही उपक्रम मोलाचे आहेत. त्यांची मर्यादा अशी की ते दिवसा, कार्यालयात चालतात आणि तिथवर पोहोचलेल्या बाईलाच मदत करतात. सालवडच्या खोलीवर रात्री साडेबाराला जातो तो ११२ च्या गाडीवरचा अंमलदार. तिथल्या बाईला विशेष कक्षाचा पत्ता कळणार की नाही, हे त्याच्या तोंडून दोन वाक्ये निघतात की नाही यावर ठरते. शेजारच्या मध्य प्रदेशातला अनुभव इथे महत्त्वाचा आहे. तिथे १८० पोलीस ठाण्यांचा अभ्यास झाला; त्यांतल्या काही ठाण्यांत महिला मदत कक्ष उघडून पोलिसांना प्रशिक्षण, कामाची ठरलेली रीत आणि बसायला खासगी जागा दिली, काही ठाणी होती तशीच ठेवली. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. कक्ष असलेल्या ठाण्यांत घरगुती हिंसाचाराचे घटना अहवाल आणि गुन्ह्यांच्या नोंदी लक्षणीय वाढल्या, आणि कक्ष महिला अधिकारी चालवत होत्या तिथे गुन्हा नोंदवण्याचे प्रमाण अधिक होते. पोलीस आपल्याच समाजातले, हिंदी पट्ट्यातले, अपुऱ्या मनुष्यबळाचे. तरी फरक पडला.

पहिली हरकत पोलीस ठाण्यातूनच येईल आणि ती खोटी नाही: माणसे कमी, बंदोबस्त संपत नाही, बारा-बारा तासांची ड्युटी, त्यात हे आणखी एक ओझे कशाला? पण घरगुती कॉल टाळून वेळ वाचत नाही. तीच खोली, तेच जोडपे पुन्हापुन्हा गाडी बोलावते, आणि शेवटी खुनाचा पंचनामा करायला, आरोपी शोधायला परराज्यात पथक पाठवायला त्याच ठाण्याची माणसे लागतात. पाच-सहा प्रश्न विचारायला दहा मिनिटे पुरतात. दुसरी हरकत अशी की हे समाजकार्यकर्त्याचे काम आहे, पोलिसाचे नाही. मान्य, समुपदेशन पोलिसाने करूच नये. तो करायला जातो तेव्हाच ‘दोन मुलं आहेत, जमवून घे’ सुरू होते. मात्र दार ठोठावण्याचा अधिकार आणि मध्यरात्री तिथे जाण्याची सोय फक्त त्याच्याकडे आहे. त्याने ओळखायचे, लिहायचे आणि योग्य हातात सोपवायचे. घरातले संकट नेहमी नवरा-बायकोचेच असते असेही नाही. आजाराच्या भरात घर फोडणारा मुलगा, विष घेण्याची धमकी देणारा कर्जबाजारी बाप यांच्यासाठीही फोन येतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चे शंभरावे कलम अशा माणसाला कोठडीऐवजी आरोग्य संस्थेत नेण्याचे कर्तव्य पोलिसावर टाकते. तेही याच शिक्षणाचा भाग व्हायला हवे, पण त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

सर्वांत जोरात मांडली जाणारी हरकत खोट्या तक्रारींची आहे. पोलिसांना बायकांच्या बाजूने शिकवले की निर्दोष नवरे आणि म्हातारे सासू-सासरे भरडले जातील, ही भीती अनेक घरांत खरीच आहे. २ जुलै २०१४ रोजी अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट अटकेला लगाम घातला तो याच भीतीची दखल घेऊन. परंतु गुन्हा नोंदवणे म्हणजे अटक करणे नव्हे, हे त्याच निकालानंतर अधिक स्पष्ट झाले. त्याआधी, त्याच न्यायालयाच्या १२ नोव्हेंबर २०१३ च्या ललिताकुमारी निकालाने वैवाहिक वादांत गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची मुभा दिली होती. ती दखलपात्र गुन्हा दिसतो का हे पाहण्यापुरती होती, पण व्यवहारात तिचा उपयोग अर्ज लोळत ठेवण्यासाठी होतो. निर्दोष माणसाला खरे संरक्षण देते ती त्याच रात्री केलेली काटेकोर नोंद. कोणाच्या अंगावर काय खुणा होत्या, खोलीत काय मोडले होते, मुले काय म्हणाली, शेजाऱ्याने काय ऐकले हे लिहिलेले असेल तर खोटे महिनाभराने रचता येत नाही आणि खरे महिनाभराने पुसता येत नाही. अप्रशिक्षित पोलीस दोघांनाही सारखाच महाग पडतो. शिवाय दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात कधीतरी विवाह झालेल्या १८ ते ४९ वयाच्या सुमारे २५ टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी १४ टक्क्यांनीच कुठे मदत मागितली. ७७ टक्क्यांनी मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. पोलिसाच्या दारात उभी असलेली बाई या गप्प बसलेल्या मोठ्या घोळक्यातून मोठ्या मुश्किलीने बाहेर आलेली असते. ठाण्याची भीतीही आपल्याकडे उगीच आलेली नाही. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या नावाने देशाला माहीत झालेली मुलगी घरच्यांच्या तक्रारीवरून, म्हणजे एका कौटुंबिक वादापायीच, नेली गेली होती आणि तिथल्याच पोलिसांवर तिच्यावर बलात्कार केल्याचा आरोप झाला.

तेव्हा तक्रार मागे घेण्याच्या क्षणाला प्रशिक्षणात सर्वांत मोठी जागा दिली पाहिजे. बाई माघार घेते याची कारणे बोईसरच्या कोणत्याही चाळीत सापडतील: खोलीचे भाडे तो भरतो, मुलाची शाळा, त्याच्या आईवडिलांनी घातलेली गळ, ‘तक्रार मागे घेतली नाहीस तर बघ’ ही धमकी, आणि कधी खरोखरचे प्रेमही. यांतल्या एकाही कारणाने आधी सांगितलेली मारहाण खोटी ठरत नाही. धोका मोठा असेल तर ‘वाद मिटला’ हा जबाब घेताना तिला एकटीला बसवून, तिला समजणाऱ्या भाषेत, महिला अंमलदाराने विचारले पाहिजे की हा जबाब तुझा स्वतःचा आहे का, तुला इथे कोण घेऊन आले, आज रात्री तू कुठे झोपणार. उत्तरे स्टेशन डायरीत गेली पाहिजेत. घटना अहवाल संरक्षण अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. आणि अर्ज निकाली काढल्यावरही बीट अंमलदाराने पंधरा दिवसांनी, महिन्याने त्या दारावर एक फेरी मारली पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही.

नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत उपनिरीक्षकांना हे शिकवावेच, पण शिकवण्याची खरी जागा खाली आहे: ११२ च्या गाडीवरचे शिपाई, ठाणे अंमलदार, बीट हवालदार. त्यांना व्याख्यान नको. खोलीसारखी खोली मांडून, कोणी नवरा होऊन, कोणी बायको होऊन, कोणी मध्ये पडणारा खोलीमालक होऊन प्रसंग करून घ्यावा. विशेष कक्षातल्या कार्यकर्त्या आणि शासकीय रुग्णालयातला डॉक्टर शेजारी बसून चुका दाखवोत. गळ्यावरच्या खुणा कशा पाहायच्या हे डॉक्टरनेच शिकवावे. वर्षातून एकदा उजळणी व्हावी, कारण बदल्या होतात. सालवड-बोईसरसारख्या वस्तीसाठी प्रश्नांचा कागद मराठीबरोबर हिंदी, ओडिया, बंगाली आणि वारलीतही लागेल. पालघरच्या अधीक्षकांनी आणि वसईच्या आयुक्तालयाने एकेका ठाण्यापासून हे सुरू केले, तर वर्षाअखेरीस लोकांनी विचारायचे आकडे तीन: धोक्याचे प्रश्न किती कॉलवर विचारले, किती घटना अहवाल संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवले, आणि मागे घेतलेल्या तक्रारींपैकी किती घरी पोलीस पुन्हा गेले.